ओळीवर बोट ठेव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाचनगटाची पहिली बैठक तुझ्यावर सोपवली आहे, विषय फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न, आणि तू विचारतोस की पाणबुड्या आल्या, माणूस चंद्रावर जाऊन आला, आता या कादंबऱ्यांवर बोलायला उरलं काय? कोणती आधी घ्यावी, मराठी वाचावी की इंग्रजी, याचाही तुझा गोंधळ उडालाय. व्हर्न वाचावा का, हे तुला पटवत बसायची गरज नाही. बैठकीत तो उघडायचा कसा, तेवढं लिहितो. आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: ओळीवर बोट ठेव, मग बोल.

सुरुवात ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’पासून कर. पुस्तकरूपात आली १८७३ साली, प्रकरणं ३७. पहिल्या बैठकीला सगळी घेऊ नकोस. १० ते १५ एवढीच घे, म्हणजे मुंबई ते कलकत्ता. आणि अकरावं प्रकरण नीट उघड. ऐंशी दिवसांत जग फिरून लंडनला परतण्याची पैज लावलेला फिलिआस फॉग २० ऑक्टोबर १८७२ ला रात्री आठच्या गाडीने मुंबई सोडतो. रात्रीतून गाडी घाट ओलांडते आणि नाशिकवरून जाते. हो, आपलंच नाशिक, एका शब्दापुरतं. आपलं सार्वजनिक वाचनालय तेव्हा ३२ वर्षांचं होतं. पण ‘आपलं गाव व्हर्नमध्ये आहे’ एवढ्यावर टाळ्या वाजवून पुढे सरकलात, तर ती बैठक वाया गेली म्हणून समज. कारण खरा ऐवज त्याच्या पुढच्या-मागच्या ओळींत आहे.

दुसऱ्या दिवशी खानदेश लागतो. तिथले बहुतेक ओढे-नद्या गोदावरीला मिळतात, असं व्हर्न लिहितो. नाशिकच्या माणसाने इथे थांबायलाच हवं. चांदवडच्या डोंगररांगेच्या दक्षिणेचं पाणी गोदावरीकडे जातं. उत्तरेचं गिरणेत, आणि गिरणा जाते तापीत. गाडी त्या उत्तरेच्या मुलखात शिरली आहे आणि लेखक अजून गोदावरीतच आहे. पुढे इंजिनाचा धूर कापसाच्या शेतांवरून जातो, ते ठीक. पण त्याच वाक्यात कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीही आहेत. खानदेशात! घाटाआधी, कल्याण सोडल्यावर तो पाउवेल नावाचं स्थानक देतो. कल्याण ते कसारा एकेक स्थानक तपासा, सापडतं का बघा.

आता इथे काय बिघडतं ते सांगतो. चूक सापडली की गट खूश होतो, हसतो आणि पुस्तक मिटतो. तसं होऊ देऊ नकोस. चूक आली कुठून, हे विचार. व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. त्याच्यासमोर होती दुसऱ्यांची प्रवासवर्णनं, नकाशे आणि वेळापत्रकं. म्हणून रेल्वेचे तपशील त्यामानाने घट्ट आहेत, आणि शेतात काय पिकतं हे सांगताना सगळा देश एकाच पोत्यात भरलाय. छापील माहितीवर अख्खी सफर उभी करायची ठरवली तर शिवण कुठे उसवते, हे नाशिककराला इतरांहून लवकर दिसतं. हा तुमचा हक्काचा मुद्दा आहे, तो सोडू नका.

रेल्वेचंच आणखी एक. कादंबरीत खोल्बी नावाच्या गावापासून अलाहाबादपर्यंत रूळच पडलेले नाहीत, म्हणून फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात जबलपूर–अलाहाबादमार्गे मुंबई–कलकत्ता जोडणी मार्च १८७० मध्येच झाली होती. मग ही चूक, की हत्ती हवा होता म्हणून ठेवलेली फट? यावर वाद घाला, खुशाल घाला. मात्र बाराव्या प्रकरणापर्यंतच्या ओळी समोर ठेवून.

सतीच्या प्रसंगावर गट तापेल. ‘व्हर्न वसाहतवादी होता’, ‘नव्हता’, असा निकाल पाच मिनिटांत लागतो आणि मग सगळे गप्प बसतात. त्या क्षणी विचार: औदा कोण? मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, मनाविरुद्ध बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाला दिलेली. पारशी मुलगी आणि सती? ती ओळ शोधा. तिची हकिकत कोण सांगतं, आणि ती स्वतः पहिल्यांदा कधी बोलते, ते पाहा. तिथून जी चर्चा निघेल ती दोन तास पुरेल.

दुसऱ्या बैठकीला शेवटचा दिवसांचा हिशेब घे. सगळे जण ‘पूर्वेकडे गेला म्हणून एक दिवस वाचला’ एवढं म्हणून थांबतात. कागद घ्या. पृथ्वी ३६० अंश, दर अंशाला ४ मिनिटं, एकूण १४४० मिनिटं, म्हणजे पूर्ण २४ तास. नाशिक साधारण ७३.८ अंश पूर्वेला, म्हणजे इथला सूर्य लंडनच्या ४ तास ५५ मिनिटं पुढे. फॉग इथून गेला तेव्हाच त्याच्या पदरात जवळजवळ पाच तास पडले होते. फॉगचा नोकर पासपार्तू घड्याळ लंडनच्या वेळेवरच ठेवतो, ते का, हेही इथेच कळतं. यानंतर अवघड प्रश्न टाक. न्यू यॉर्कहून लिव्हरपूलची बोट ११ डिसेंबरला रात्री सुटणार आणि फॉग ११ तारखेच्याच रात्री पाऊण तास उशिरा पोचतो, असं लिहिलंय. पण ही ११ तारीख फॉगच्या वहीतली. पॅसिफिक ओलांडून आलेल्या माणसासाठी अमेरिकेतल्या कॅलेंडरवर १० तारीख असायला हवी. मग बोट चुकलीच कशी? सॅन फ्रान्सिस्कोपासून एकाही वर्तमानपत्रावर त्याची नजर पडली नाही? कादंबरीचा कळसच या भोकावर उभा आहे, आणि तरी ती कोसळत नाही. का कोसळत नाही, हे ज्याला ओळींनिशी सांगता येईल त्याने व्हर्न वाचला.

आता ‘समुद्राखाली वीस हजार लीग’. ‘त्याने पाणबुडीचं भाकीत केलं’ हे वाक्य कुणी उच्चारलं की थांबव. याची मला खरोखर खंत आहे, कारण या एका वाक्याने त्याला ज्योतिषी करून टाकलंय. व्हर्नच्या पाणबुडीचं नाव ‘नॉटिलस’; पण अमेरिकन संशोधक फुल्टनची त्याच नावाची पाणबुडी १८०० साली पाण्यात उतरली होती. फ्रेंच नौदलाची ‘प्लाँजर’ १८६३ साली. कादंबरी आली १८६९–७० मध्ये. व्हर्नचं मोठेपण हे, की त्याने हिशेब वाचकासमोर उघडा ठेवला. पहिल्या भागाचं तेरावं प्रकरण बघ: त्याच्या नॉटिलसची लांबी ७० मीटर, रुंदी ८ मीटर, वजन १३५६.४८ टन, बुडण्यासाठी १५०.७२ टन पाण्याच्या टाक्या. बेरीज १५०७.२. तुझ्या प्रतीत आकारमान १५००.२ छापलं असेल तर तो आकडा जुळत नाही, हे गटाला स्वतः करून पाहू दे. बाराव्या प्रकरणात पाणबुडीचा कॅप्टन नेमो सांगतो की विजेसाठी लागणारं सोडियम तो समुद्राच्या पाण्यातून काढतो. छान. पण काढायला उष्णता कुठली? कोळशाची, एवढं तो तिथेच सांगून टाकतो; ती समुद्राखालची कोळशाची खाण प्रत्यक्ष दिसते थेट दुसऱ्या भागाच्या दहाव्या प्रकरणात. जमिनीशी नातं तोडलेला माणूस शेवटी कोळसाच जाळतो. ही दोन प्रकरणं जोडून वाचली नाहीत तर नेमो अर्धाच कळतो.

प्रतींबद्दल. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, ते ऋण मोठंच आहे. तरीही चर्चेला पूर्ण मजकूर हवा; संक्षिप्त आवृत्तीत माशांची वर्णनं आधी कापली जातात आणि आकडे त्यांच्या पाठोपाठ. इंग्रजीही सावधपणे घे. ‘वीस हजार लीग’च्या लुईस मर्सियरने १८७० च्या दशकात केलेल्या अनुवादात मजकुराचा मोठा भाग गाळलेला आहे, आणि उरलेल्यात पोलादाची घनता पाण्याच्या ०.७ ते ०.८ पट लिहिली आहे. म्हणजे पोलाद पाण्यावर तरंगेल! मूळचा आकडा ७.८ च्या आसपासचा. कित्येकांनी यावरून व्हर्नलाच अडाणी ठरवलं. हाच अनुवाद अजून स्वस्तात छापून विकला जातो. फ्रेडरिक पॉल वॉल्टर किंवा विल्यम बुचर यांचा घे.

‘रहस्यमय बेट’ त्यानंतरच. नेमो बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार, हे तिथे उघड होतं, आणि कुणीतरी ते आधीच फोडणार. फोडलंच तर ‘वीस हजार लीग’च्या दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात, सिलोनला बुडी मारून मोती काढणाऱ्या माणसाला वाचवल्यावर नेमो काय म्हणतो, ते मोठ्याने वाचायला लाव. दोन कादंबऱ्यांच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत; त्यावर फार वेळ घालवू नका.

बैठकीत सहा ते आठ जण पुरेत, वेळ दीड तास. प्रत्येकाने दोन ओळी निवडून आणायच्या. पानांचे आकडे निरनिराळ्या प्रतींत जुळत नाहीत आणि पहिली वीस मिनिटं ‘कुठलं पान?’ यात जातात, म्हणून प्रकरणाचा क्रमांक आणि वाक्याचे पहिले चार शब्द लिहून आणायला सांग. आधी ओळ वाचायची, मग मत. सिनेमा पाहून आलेल्याचं स्वागत कर, पण ओळ त्यालाही आणायला लाव. माझ्या या हट्टामुळे माणसं गळतात, असं तुमच्यातले काही म्हणतात. गळू देत. ओळ न आणता बोलणारे आठ जण जमले तर ते व्हर्नबद्दल बोलत नसतात, स्वतःबद्दल बोलत असतात, आणि त्यासाठी पुस्तक लागत नाही. कडक वाटेल, पण मी यातून हटणार नाही.

अकराव्या प्रकरणाच्या छायाप्रती आदल्या दिवशीच वाट. सोबत नाशिक जिल्ह्याचा नद्या आणि रेल्वे दोन्ही दाखवणारा नकाशा घे, भिंतीवर लावता येईल एवढा मोठा, आणि चांदवडची रांग आधीच पेन्सिलीने ठळक करून ठेव.

आशीर्वादांसह,
तुझा काका