‘अजून एकदा’ या दोन शब्दांबद्दल

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला. उत्तर मुद्दाम लगेच दिलं नाही. “मावशी, वजनाचं ऑपरेशन करू की अजून एकदा प्रयत्न करून बघू?” असं लिहिलं होतंस आणि खाली वय, उंची, वजन. २६ वर्षं, १६० सेंटिमीटर, ११२ किलो. शुगर काठावर, रात्री घोरणं, जिना चढताना गुडघे दुखणं. आकड्यांचं मला काही वाटलं नाही, ते माझं रोजचं काम होतं. टोचलं ते ‘अजून एकदा’.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या टीममध्ये आहारतज्ज्ञ म्हणून मी बावीस वर्षं काढली. समोरच्या खुर्चीत बसणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती हे दोन शब्द घेऊन यायची, आणि ते म्हणताना नजर खाली जायची. नापास झालेलं पोर पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायला आल्यासारखी. तेव्हा आधी हे नापास होण्याचं प्रकरण मिटवू. ते डोक्यात असताना घेतलेला निर्णय, कुठलाही असो, धड होत नाही.

वजन उतरायला लागलं की शरीराला ते यश वाटत नाही, दुष्काळ वाटतो. ऑस्ट्रेलियात पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं आणि वर्षानंतर त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. तो अभ्यास २०११ साली छापून आला. भूक वाढवणारं घ्रेलिन वर्षभरानंतरही चढलेलंच होतं, आणि पोट भरल्याची खबर देणारी रसायनं उतरलेली. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी मोजलं, तर नुसतं बसल्या जागी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे तीच माणसं, तेच ताट, आणि वजन मात्र वाढतंय. तुझं १४ किलो उतरून १७ किलो परत आलं तेव्हा तू स्वतःला काय काय बोलली असशील याची मला कल्पना आहे. त्यातलं निम्मं अधिक घ्रेलिनला सुनवायला हवं होतं.

याचा अर्थ जीवनशैली बदलणं फुकट, असा काढू नकोस. उलट तुझ्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर हा फार चांगला उपाय आहे. तुझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.२ आहे, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. अशाच तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, निकाल २००२ साली आला. ध्येय अगदी साधं होतं: ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनीच घटलं होतं.

आता हे तुझ्यावर लावून बघ. ११२ चे ७ टक्के म्हणजे आठ किलो. आठ किलोंनी तुझी शुगर बहुधा उंबऱ्याच्या अलीकडे येईल. पण १०४ किलोंवर गुडघे कितीसे हलके होतील? घोरण्यामागे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल, तर तो पूर्ण जाईल का? बहुतेक नाही. माझ्या मते तुझी खरी अडचण इथे आहे. तुझा एक आजार आठ किलोंचा आहे आणि दुसरे दोन तीस किलोंचे.

उत्तम आहारतज्ज्ञ, गटाच्या बैठका, वर्षानुवर्षं पाठपुरावा, असं सगळं पुरवूनही मेहनतीने किती वजन उतरतं, तेही मोजलेलं आहे. मधुमेह असलेल्या पाच हजारांवर लोकांच्या एका अमेरिकन चाचणीत पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के उतरलं, आठव्या वर्षी ४.७ टक्के टिकलं. त्या लोकांची औषधं कमी लागली, हिंडणंफिरणं सुधारलं. हृदयविकाराचे झटके मात्र घटले नाहीत. मी ही आकडेवारी पेशंटला सांगायचे तेव्हा काही सहकारी वैतागायचे, “तुम्ही त्यांची उमेद मारता.” मला उलटा अनुभव आहे. आकडा कळला की माणूस पहिल्यांदा ताठ बसतो.

आता ऑपरेशन. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४३.७५ येतो. २०२२ साली सर्जनांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी नियम सुधारले. ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, आणि आशियाई वंशाच्या लोकांत २७.५ पासूनच विचार करावा, असं आता म्हणतात. तेव्हा तू बसतेस का, हा प्रश्नच नाही. कागदावर तू केव्हाच बसलीस.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी निमुळती नळी उरते. जाणाऱ्या भागातच घ्रेलिनचा मोठा कारखाना असतो, म्हणून नुसती जागा कमी होत नाही, भुकेचा आवाजही बसतो. बायपासमध्ये जठराच्या तोंडाशी अंड्याएवढी पिशवी वेगळी करून ती आतड्याला पुढे जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात. स्लीव्ह परत फिरवता येत नाही, कापलेलं जठर पुन्हा उगवत नाही. आणि तुला जळजळ, आंबट पाणी वर येणं असला त्रास असेल तर स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, हे सर्जनला न विसरता सांग. लोक ‘ॲसिडिटी तर सगळ्यांनाच असते’ म्हणून नेमकं हेच सांगायचं राहू देतात.

खूप दीर्घ काळाचा एक हिशोब स्वीडनमधून येतो. तिथे १९८७ पासून ऑपरेशन केलेले सुमारे दोन हजार आणि न केलेले सुमारे दोन हजार लठ्ठ लोक दशकानुदशकं बघितले गेले. पंधरा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन मूळच्यापेक्षा सरासरी २७ टक्के कमी होतं, दुसऱ्या गटाचं जवळजवळ होतं तिथेच. तुझ्यासाठी ते तीस किलो होतात. २०२० मध्ये आयुर्मानाचा हिशोब आला: ऑपरेशन केलेले सरासरी तीन वर्षं जास्त जगले. त्याच अहवालातली दुसरी ओळ जाहिरातीत छापत नाहीत. सर्वसाधारण लोकांपेक्षा ते तरीही साडेपाच वर्षं कमी जगले. मधुमेहाचंही तसंच, दोन वर्षांनी ७२ टक्क्यांचा मधुमेह मागे हटला होता, दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचा. म्हणजे ऑपरेशन पुष्कळ काही करतं, कायमचं सगळंच करत नाही. शिवाय त्या अभ्यासातली बरीचशी ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, आता ती फारशी करत नाहीत.

टेबलावर मरण्याची भीती तू लिहिली नाहीस, पण ती असणारच. पहिल्या महिन्यातला मृत्यू साधारण हजारात एक ते तीन इतका असतो. टाक्यातून गळती होणं, रक्तस्राव, पायातल्या गाठी फुप्फुसात जाणं, ही कारणं. हे कमी आहे, शून्य नाही. सही करताना शून्य समजून करू नकोस.

पण मला स्वतःला ऑपरेशनच्या दिवसाची काळजी कधीच फारशी वाटली नाही. त्या दिवशी सगळे जागे असतात. काळजी वाटायची ती तिसऱ्या वर्षाची. तोवर कपडे बदललेले असतात, कौतुक करून लोक थकलेले असतात आणि गोळ्या बंद झालेल्या असतात. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ही यादी जन्मभराची आहे. माझ्याकडे एक बाई चौथ्या वर्षी आल्या, तळपायांना मुंग्या आणि चालताना तोल जातोय म्हणून. बी१२ तळाला गेलं होतं. “मला तर छान वाटत होतं,” एवढंच म्हणाल्या. छान वाटतं म्हणूनच गोळ्या सुटतात. आणि ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर घरी बसून वाट बघायची नसते. थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, संपलं की मेंदूला आणि नसांना इजा होते, आणि ते आठवड्यांत होतं.

बाकीचं भराभर सांगते. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडे होतात. बायपासनंतर गोड खाल्लं तर धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी नव्या जोडावर अल्सर होऊ शकतो, सिगारेटनेही. दारू पटकन आणि जास्त चढते, आणि आधी न पिणाऱ्यांनाही तिची सवय लागल्याची उदाहरणं आहेत. मूल हवं असेल तर बारा ते अठरा महिने थांबावं लागतं, आणि वजन उतरलं की पाळी सुरळीत होऊन अनपेक्षित गर्भ राहू शकतो, म्हणून त्याचीही सोय आधीच बोलून ठेवायची. तू २६ ची आहेस, हे वाक्य दोनदा वाच.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, टिर्झेपटाइडच्या सर्वात मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत जवळपास २१ टक्के वजन उतरल्याच्या चाचण्या आहेत. मी कामाला लागले तेव्हा हा मधला रस्ताच नव्हता. अडचण एकच, सेमाग्लुटाइड थांबवलं की वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत येतं. म्हणजे तेही जन्मभराचं धरूनच हिशोब करायचा.

तेव्हा तुझा प्रश्न मी असा वाचते: तिन्ही वाटा जन्मभराच्या आहेत, तर त्यांतला कुठला जाच तू रोज न चिडता सोसशील? चालायला जाणं, मोजून खाणं आणि भुकेशी रोजचं भांडण, की आठवड्याचं इंजेक्शन, की एकदाची चिरफाड आणि मग रोजच्या गोळ्या, वर्षातून रक्ततपासणी, इवलेसे घास? ऑपरेशनवाल्यालाही चालावं लागतंच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पुढे वजन परत चढतं. जीवनशैली कुणालाच चुकत नाही. ऑपरेशनने एवढंच होतं की तिच्या विरोधात ओरडणारी भूक काही वर्षं खालच्या आवाजात बोलते.

माझा कल विचारशील तर ऑपरेशनकडे आहे. पण आज नाही. तू ओझरतं लिहिलंस की रात्री सगळे झोपल्यावर उभ्या उभ्या खातेस, थांबवता येत नाही, आणि नंतर रडतेस. ही ओळ तू शेवटी घुसडलीस. माझ्यासाठी ती पहिली आहे. याला बिंज ईटिंग म्हणतात, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तो तसाच ठेवून जठर लहान केलं तर खाणं दुसऱ्या वाटेने येतं, घोटाघोटाने, पातळ आणि गोड. काहींचं मन ऑपरेशननंतर फार खाली जातं, आत्महत्येचा धोका वाढल्याचंही अभ्यासांत दिसलंय. म्हणून सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ. चांगली टीम हे स्वतःहून सांगेल. जी टीम पहिल्याच भेटीत तारीख देते, तिथून चप्पल घालून बाहेर पड.

चार महिने घे. या चार महिन्यांत वजन करायचं नाही, काटा कुणाला तरी देऊन टाक. ऑपरेशननंतर जसं जगावं लागेल तसं जगून बघ. जेवायला अर्धा तास, घास बारीक चावून. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. आधी प्रथिनं, मग बाकीचं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जातात का ते लिहून ठेव. एक मल्टिव्हिटॅमिनची गोळी रोज ठरलेल्या वेळी, आणि चुकली की वहीत फुली. मला ती वही बघायची आहे. फुल्या किती आहेत यापेक्षा फुली पडल्यावर दुसऱ्या दिवशी तू काय केलंस, ते बघेन.

सर्जनला भेटशील तेव्हा विचार: तुमच्या हातून अशी किती झाली, गळती किती जणांना झाली, माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास आणि का, रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या तर फोन कोण उचलेल, आणि तिसऱ्या वर्षी मी आले नाही तर तुम्ही मला शोधाल का. शेवटच्या प्रश्नावर ते हसले तर हसू दे, उत्तर मात्र घे.

झोपेची तपासणी या आठवड्यातच कर, ती कुठल्याही निर्णयाची वाट बघत नाही. श्वास अडकत असेल तर रात्री मास्कचं मशीन लावून महिन्याभरात दिवसाची गुंगी कमी होईल, आणि गुंगी कमी झाली की रात्रीचं खाणंही थोडं कमी होतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

आईला बरोबर घेऊन ये. ‘जरा मनावर घेतलं की होतं’ असं त्या म्हणतात ना, त्यांच्याशी मी बोलते. त्यांना घ्रेलिन समजावून सांगायला मला मजा येईल. रिपोर्ट सगळे आण, जुनेसुद्धा. जुन्या चार डाएटचे कागद मात्र घरीच राहू देत, ते मला बघायचे नाहीत.

तुझी,
मावशी