नवे कलाकार शोधायचे तर आधी साथीला कोण बसलंय ते बघा

तुम्ही विचारलंय: 'नोकरीसाठी पुण्याहून पणजीला आलोय. ॲप तीच ती गाणी पुढे करतं. शास्त्रीय, कोंकणी, रॉक, इलेक्ट्रॉनिक, काहीही चालेल, पण अजून नाव न झालेले कलाकार आणि नवं निघणारं संगीत शोधायचं कसं? माझ्याकडे गाडी नाही.'

मी फोंड्याजवळच्या गावातला. नोकरी पणजीत, रोज बसने ये-जा. गेली बारा-तेरा वर्षं नवं ऐकण्याचा नाद आहे आणि त्याची माझी रीत एकच आहे. ती आईकडून आली. आई गावच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवायची. स्पर्धेहून घरी आली की पहिला नंबर कोणाचा आला हे ती एका वाक्यात सांगून मोकळी व्हायची, पण अमक्या मंडळात पखवाजावर कोण बसला होता, गजर चढताना त्याने लय कशी धरून ठेवली, याबद्दल जेवण होईपर्यंत बोलत राहायची. पुढच्या वर्षी तोच पखवाजवाला जिथे असेल ते मंडळ ऐकायला ती मुद्दाम थांबायची.

मीही तेच करतो. गाणारा आपलं गाणं गातो, पण साथीदार दहाजणांबरोबर वाजवतो. चांगल्या साथीदाराला चांगलीच माणसं बोलावतात, आणि त्यांचं नाव व्हायच्या कितीतरी आधी बोलावतात. म्हणून एका तबलजीचा किंवा बेसवाल्याचा माग धरला की वर्षभरात सात-आठ नवी नावं आपोआप हाती लागतात.

गोव्यात हे जास्तच लागू पडतं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांची लिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथे शिकलेली माणसं पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्ययोजना सेबॅस्टियन डिसोझांची. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पडद्यावर ही नावं क्वचितच दिसत, पण वाद्यवृंदात बसणाऱ्यांना ती पाठ होती.

आता तुमच्या शोधाकडे येतो. पणजीत आहात तर सुरुवात कला अकादमीपासून करा. नोव्हेंबरच्या सुमारास तिथे सुरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह होतो. केसरबाई आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तीत त्यांची भैरवी आहे. समारोहात मोठं नाव शेवटी असतं आणि बरेचजण त्याच वेळेच्या हिशेबाने येतात. तुम्ही पहिल्या कलाकारासाठी जा. एकदा मी बस चुकली म्हणून तासभर उशिरा पोचलो. शेजारच्या काकांनी सांगितलं, 'आत्ताच एका मुलीने मारवा गायला, असा मारवा फार दिवसांत ऐकला नव्हता.' पुढे दोन वर्षं मी तिच्या कार्यक्रमाची वाट पाहत होतो, शेवटी मडगावला रवींद्र भवनात ऐकली. त्या दिवसापासून आधीची बस पकडतो.

शास्त्रीयातली तरुण मुलं अल्बम फारसे काढत नाहीत, म्हणून त्यांना ॲपवर शोधण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी आकाशवाणी पणजी लावा. मी हे मनापासून सांगतोय, जुनं माध्यम म्हणून सोडून देऊ नका. तिथे ऑडिशन देऊन श्रेणी मिळवल्याशिवाय कोणाला गायला मिळत नाही, म्हणजे निवड कोणीतरी जाणत्याने आधीच केलेली असते. शिवाय निवेदक प्रत्येक वेळी तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण हे स्पष्ट उच्चारात सांगतात. माझ्या वहीतली निम्मी नावं तशी मिळाली आहेत.

भजनाला मात्र जाच, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरून आलेल्यांना हे दार दिसतच नाही. कला अकादमी दरवर्षी भजनी स्पर्धा घेते, बालगटापासून महिला आणि पुरुष मंडळांपर्यंत. गावागावांतून मंडळं येतात, अभंग, गौळण, गजर होतो. पुण्यातल्या तुमच्या कानाला भजन म्हणजे टाळ आणि सामूहिक स्वर इतकंच वाटत असेल. आमच्याकडे भजनी बुवा रागदारी शिकलेला असतो आणि नाट्यसंगीतही त्याच घशातून गातो. सात-आठ वर्षांपूर्वी बालगटात एक मुलगा पखवाजावर होता. पखवाजापेक्षा जरा मोठा असेल एवढाच. गजरात त्याने अशी एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, घेतली की परीक्षकांपैकी एकाने मान वर करून पाहिलं. मी नाव टिपून ठेवायला हवं होतं, नाही टिपलं. काही वर्षांनी पणजीत एका फ्युजन बँडच्या कार्यक्रमात तालवाद्यांवर एक पोरगा दिसला. चेहरा ओळखला नाही, हात ओळखला. कार्यक्रमानंतर जाऊन विचारलं, तोच होता. त्याच्या बँडचा बेसवाला दक्षिण गोव्यातला. तो रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गातो आणि तियात्राच्या, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोंकणी नाटकाच्या, बँडमध्येही वाजवतो. त्याच्यामागे गेलो तर कोंकणी रॅप करणारी दोन मुलं सापडली, ज्यांच्या पहिल्या गाण्याला त्याने बेस दिला होता. पखवाजापासून रॅपपर्यंत मला एकाही जाहिरातीने नेलं नाही.

तियात्राचंही तसंच. दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन जी गाणी म्हणतात त्यांना कांतारां म्हणतात. कथानकाशी त्यांचा संबंध असतोच असं नाही, म्हणून नव्या गायकाला तिथे उभं राहायची संधी मिळते. परवाच्या राजकारणावर आज कांतार तयार होतं. कोंकणी समजत नाही म्हणून घाबरू नका, मराठी कानाला दोन-तीन प्रयोगांत अंदाज येतो. कलाकारांच्या नावांबरोबर बँड कोणाचा आहे तेही वाचून ठेवा.

श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह चुकवू नका. चोवीस तास अखंड भजन चालतं, शिवाय रात्री वेगवेगळ्या समाजांतर्फे गायनाच्या बैठका होतात. एका रस्त्यावर चालत चार गायक ऐकता येतात. मग चवथीला घुमट आरत्या. घुमट म्हणजे मातीच्या घटाला चामडं लावलेलं तालवाद्य, २०१९ पासून ते गोव्याचं वारसा वाद्य आहे. शामेळ हा ढोल आणि कासाळी म्हणजे झांजा, यांच्या साथीने तरुण पोरं जे वाजवतात ते ऐकून मला कित्येक ड्रमर नव्याने कळले. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी महोत्सव असतो, २०१६ पासून. त्यात मांडवीत बोटीवर संध्याकाळी मैफल होते, ती गाठा.

पाश्चात्त्य शास्त्रीयसाठी जुने गोवेंच्या टेकडीवरच्या चॅपेलमधला मॉन्ते महोत्सव. फादू या पोर्तुगीज गानप्रकारासाठी आमच्या फोंड्याच्याच सोनिया शिरसाट यांचे कार्यक्रम पाहा. त्यांचं नाव आता मोठं आहे, पण त्यांच्या बाजूला गिटार घेऊन कोण बसतं तेही पाहून ठेवा.

इलेक्ट्रॉनिकमध्ये मला फार गती नाही, तरी एक सांगतो. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून हणजूण-वागातोरला बरंच काही सूर्यास्ताच्या आधीच सुरू होतं. लोक जमायच्या आधी जो पहिला तास-दीड तास वाजवतो तो बहुधा इथलाच नवा मुलगा किंवा मुलगी असते. मैफलीच्या पहिल्या कलाकारासारखंच आहे हे.

ॲप तीच गाणी पुढे करतं ही तुमची तक्रार खरी आहे. तुम्ही जे ऐकलंय त्याच्या आसपासचंच ते देणार. पण त्याच्याकडून काम करून घेता येतं. जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात, म्हणून माझा शुक्रवारचा बसप्रवास नव्यासाठी राखलेला आहे. स्पॉटिफायवर 'रिलीज रडार' शुक्रवारी बदलतो, 'डिस्कव्हर वीकली' सोमवारी. एखादं गाणं आवडलं की पुढच्या गाण्यावर उडी मारू नका. तीन टिंबांवर दाबून क्रेडिट्स उघडा. ढोलकी कोणी वाजवली, ध्वनिमुद्रण कोणी केलं, निर्माता कोण, ते पाहा आणि त्यातल्या एका नावाने पुन्हा शोध घ्या. गायकाच्या पानावरचे 'यासारखे कलाकार' तुम्हाला त्याच गल्लीत फिरवतात, साथीदाराचं नाव दुसऱ्या गावात नेतं. लेबलचं, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीचंही तसंच. हिप-हॉप ऐकायचं असेल तर दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सची यादी पहिल्यापासून ऐका, एकेका गायकाला शोधत बसू नका.

मला सगळ्यात प्रिय बँडकॅम्प आहे, कलाकार जिथे आपलं संगीत थेट विकतात ती साइट. तिथे अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या श्रोत्यांची छोटी चित्रं दिसतात. एकावर दाबलं की त्या माणसाने आजवर काय काय विकत घेतलं ते सगळं समोर येतं. ज्याने पदरचे पैसे घालून तुमच्या आवडीचा एक अनोळखी अल्बम घेतला, त्याच्या बाकीच्या संग्रहात तुमच्यासाठी काहीतरी असतंच. एकच काळजी घ्या, तिथे 'गोवा' असा टॅग शोधलात तर गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा ढीग येईल आणि त्यातला बराचसा युरोप आणि इस्रायलमध्ये बनलेला असेल. इथले कलाकार हवे असतील तर टॅग सोडून ठिकाणाने शोधा.

आणि आवडलं तर विकत घ्या, ही माझी विनंती. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजारदा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत. तुम्ही शोधताय ती मुलं नेमकी त्या हजाराच्या खाली आहेत. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के ठेवतं, बाकी बरंचसं कलाकाराकडे जातं, आणि वर्षातून काही शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतं. मी महिन्याला एक अल्बम घेतो. एकदा घेतल्यावर त्या मुलीचा दोन ओळींचा संदेश आला, की गोव्यातून घेणारे तुम्ही पहिलेच. तो मी अजून ठेवलाय.

राहिला गाडीचा प्रश्न. पणजीतल्या कार्यक्रमांना अडचण नाही. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा मडगावला गेलात तर कार्यक्रम संपेपर्यंत शेवटची बस गेलेली असते. माझ्याकडेही पहिली सहा वर्षं गाडी नव्हती. मध्यंतरात शेजाऱ्याशी बोला, पणजीकडे कोण चाललंय विचारा. कार्यक्रम संपल्यावर थेट स्टेजच्या मागच्या दाराशी जा, तिथे वाद्यं गाडीत चढत असतात. तंबोरे उचलायला हात लावा. एका रात्री मी असाच एका तबलजीच्या गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर डग्गा घेऊन पणजीहून फोंड्याला आलो. रायबंदरपासून बाणस्तारीपर्यंत तो मला सांगत होता, सध्या कोणाबरोबर वाजवताना त्याला मजा येते. चार नावं होती. चारही मी तोवर ऐकलेली नव्हती.