वाचकांचे प्रश्न : बोटीवरची पिण्याच्या पाण्याची टाकी

प्रश्न : आमच्या ट्रॉलरवर २,००० लिटरची लोखंडी टाकी आहे. दर जूनमध्ये, मासेमारी बंदीत, ती आतून खरवडून रंगवतो. दिवाळीपर्यंत रंगाला फोड येतात, सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं. रंग कोणता घ्यावा? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : रंगापेक्षा तुमची वेळ चुकते आहे. पावसाळ्यात कोकणातली आर्द्रता बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या वर असते. पत्रा दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी गरम नसला की त्यावर न दिसणारा ओलावा धरतो आणि रंग त्या ओलाव्यावर बसतो. खाली मीठ राहिलं असेल तर ते रंगातून पाणी ओढून घेतं. फोड येतात ते त्यामुळे. एखादा फोड नखाने फोडून बघा, आत पाणी आणि खाली काळा गंज असेल.

बंदी १ जूनला लागते, पण टाकी मेच्या उत्तरार्धातच उरका. एखादी फेरी बुडेल, ती बुडू द्या. आधी गोड्या पाण्याने धुवा, मग सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने गंज उडवणं) करा; ते जमत नसेल तर चिपिंग हातोडी आणि वायर ब्रश. पुन्हा धुवून वाळवा आणि चार तासांच्या आत पहिला हात द्या. रंग पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित, सॉल्व्हंट नसलेला इपॉक्सीच घ्या. वेल्ड आणि कोपरे आधी ब्रशने भरून घ्या, कारण कडेवरून रंग सरकतो. दोन हातांनंतर सात दिवस पाणी भरू नका. शेंदूर किंवा बोटीच्या तळाचा रंग आत अजिबात नको, पाण्यात विष उतरतं.

टाकीचं छत आतून नीट तपासा. ते पाण्यात बुडत नाही, पण वाफ धरून सतत ओलं राहतं, म्हणून तिथे गंज जोरात चढतो. पाणी मोजायची काठी जिथे रोज आपटते तिथला रंगही उडालेला असतो. तिथे ६ मिमी पत्र्याचा तुकडा वेल्ड करा. पत्रा पाव भागाने झिजला असेल तर रंगवू नका, बदला.

जूनशिवाय जमणारच नसेल तर सिमेंटचा हात द्या. गोड्या पाण्यात साईइतकं दाट कालवून तीन पातळ हात, प्रत्येक हात ओलसर ठेवून. सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे लोखंड गंजत नाही आणि दमट हवा त्याला मानवते. इंजिनाच्या हादऱ्याने पापुद्रे सुटतात, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. पहिली दोन भरणी ओतून टाका.

आणि बंद टाकीत कोणालाही थेट उतरवू नका. गंज हवेतला ऑक्सिजन खातो आणि आत गेलेला माणूस हाक न मारताच कोसळतो. ब्लोअर लावून तासभर हवा खेळवा, ऑक्सिजन मीटरवर २०.९ टक्के दिसू दे, बाहेर एक माणूस उभा ठेवा. आतला पडला तर बाहेरच्याने मागोमाग उडी मारायची नाही; आतल्याच्या कमरेला आधीच बांधलेल्या दोरीने ओढायचं.

प्रश्न : ५०० लिटरच्या स्टेनलेस टाकीला तळाशी, वेल्डजवळ सुईएवढी भोकं पडली. स्टेनलेसला गंज कसा?

उत्तर : बहुधा ब्लीचिंग पावडरमुळे. टाकी निर्जंतुक करायला कोरडी पावडर टाकली की ती तळाशी बसते आणि क्लोराइड त्या जागी पत्रा पोखरतो. ७५ ग्रॅम पावडर बादलीत कालवा, निवळी तेवढी टाकीत ओता, दिवसभराने सगळं पाणी काढून दोनदा धुवा. नवा पत्रा ३१६एल प्रतीच्या स्टेनलेसचा घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनम धातूमुळे तो नेहमीच्या ३०४ प्रतीपेक्षा टिकतो. वेल्डवरचा निळसर डागही पिकलिंग पेस्टने (स्टेनलेस साफ करायच्या आम्लाच्या लेपाने) काढून घ्या, पुढचं भोक तिथूनच सुरू होतं.