कंट्रोलर बदलला की किरण वाकडा का जातो?

प्रश्न: मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी व्हीआरमध्ये पंप खोलून परत जोडायचं ट्रेनिंग अ‍ॅप केलंय. माझ्या हेडसेटवर मस्त चालतं, पण कॉलेजच्या दुसऱ्या हेडसेटवर टाकलं की हातातून निघणारा किरण वाकडा जातो, काही बटणं चालतच नाहीत. शिवाय लांबचा बोल्ट निवडताना ट्रिगर दाबला की नेम चुकतो. प्रत्येक कंट्रोलरसाठी वेगळा कोड लिहू का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: अजिबात नको, त्यात वर्ष जाईल तुझं. कोडमध्ये 'अमुक बटण दाबलं' असं लिहिलंयस ना, तिथेच अडलंय, त्याऐवजी 'पकड', 'सोड', 'फिरव' अशा अ‍ॅक्शन लिही आणि कुठल्या कंट्रोलरवर कुठलं बटण ते वेगळ्या यादीत ठेव. क्रोनॉस ग्रुप या उद्योगसंघटनेचं ओपनएक्सआर, म्हणजे वेगवेगळ्या हेडसेटवर एकच अ‍ॅप चालावं म्हणून ठरवलेलं मानक (१.० आवृत्ती २०१९ ची), असंच चालतं.

आता वाकडा किरण. ओपनएक्सआर हाताच्या ज्या पोझ (म्हणजे जागा आणि दिशा) देतं, त्यातल्या दोन तुझ्या कामाच्या, ग्रिप आणि एम (aim). ग्रिप म्हणजे मुठीत वस्तू कशी धरलीय ते, एम म्हणजे नेम कुठे धरलाय ते. प्रत्येक कंट्रोलरच्या मुठीचा कोन वेगळा असतो, तू किरण ग्रिपवरून काढला असणार, म्हणून तुझ्याकडे योगायोगाने सरळ दिसला आणि कॉलेजात वाकडा. पाना हातात दाखवायला ग्रिप घे, किरणाला एम, बस्स.

नेम चुकतो त्यात मात्र तुझ्या हाताचा काही दोष नाही, बोट दाबलं की मनगट थोडं हलतंच सगळ्यांचं. १ अंश हललं तर ३ मीटरवर किरण ५ सेंटीमीटर सरकतो, बोल्ट त्याहून लहान! म्हणून ट्रिगर पूर्ण दाबला जायच्या किंचित आधी किरण कशावर होता ते लक्षात ठेव आणि तेच निवड. नुसती थरथर असेल तर वन युरो फिल्टर (थरथर गाळणारं एक छोटं गणित) लाव, हात हळू असताना तो जास्त स्मूथ करतो आणि हात जोरात हलला की सैल पडतो, त्यामुळे किरण मागे रेंगाळत नाही. साधी सरासरी घेऊ नको, सगळंच जड वाटायला लागतं.

आणि एक, पंप खांद्याच्या उंचीवर ठेवला असशील तर आजच खाली घे. कोपर अंगाजवळ राहील एवढ्या उंचीवर आण, नाहीतर शिकणाऱ्याचा हात पाच-दहा मिनिटांत भरून येईल आणि तो पंप अर्धवट सोडून हेडसेट काढून ठेवेल.