‘माझ्या हाताला गुणच नाही’

उन्हाळा सरत आला की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास येतं, आणि पावसाळ्याच्या मध्यावर पुन्हा एकदा. ‘माझ्या हाताला गुणच नाही. लावलं की मरतं.’ बोलणारा माणूस बहुतेकदा वेगळ्याच कारणासाठी आलेला असतो. झोप लागत नसते, नाहीतर घरात चिडचिड वाढलेली असते. गेलेल्या झाडांचा विषय लाजत लाजत, तास संपायला दहा मिनिटं उरली असताना निघतो. या सगळ्यांना मी जे सांगते ते एका काकांच्या निमित्ताने लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका कारखान्यात मेंटेनन्सला होते, एकतीस वर्षं. निवृत्तीनंतर पुण्यातल्या घराच्या गच्चीवर त्यांनी २३ कुंड्या जमवल्या. वर्षभरात त्यातल्या १४ गेल्या. मग त्यांनी गच्चीवर जाणंच सोडलं, म्हणून सून घेऊन आली.

“झाडासाठी काय रडायचं, मॅडम? लोकांच्या द्राक्षबागा गारपिटीत झोपतात. नुकसान म्हणायचं तर ते.”

“त्यांचं मोठं आहे म्हणून तुमचं खोटं ठरत नाही, काका. पहाटे साडेपाचला उठून वर कोणासाठी जायचात?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग एकेका झाडाचं सांगत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही. हा टप्पा गाळून थेट निंबोळी तेलावर येणारे लोक खूप असतात, आणि त्यांचा सल्ला अंगाला लागत नाही तो यामुळेच.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. घटनेइतकाच, कधी घटनेपेक्षा जास्त, त्रास आपण तिच्याबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याचा होतो, यावर माझा अनुभवाने विश्वास बसला आहे. काकांचं स्वतःशी बोलणं एका वाक्याचं होतं: ‘मीच मारली.’ हा निकाल होता. कारण त्यात कुठेच नव्हतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “मशीन बंद पडलं की रजिस्टरला काय लिहायचात?”

“कधी बंद पडलं, काय दिसलं, कोणता पार्ट, कशाने.”

“‘ऑपरेटरच्या हाताला गुण नाही’ असं कधी लिहिलंत?”

ते हसले नाहीत. पण पुढच्या भेटीला शंभर पानी वही घेऊन आले, रकाने आखून. चौदा झाडं, चौदा ओळी. शेवटचा रकाना मी सुचवला होता: ‘तेव्हा माझ्या हातात काय होतं?’

टोमॅटोची चार झाडं. पानं वर वळून वाटीसारखी झालेली, वाढ खुंटलेली. हा पर्णगुच्छाचा विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. लागण झाल्यावर त्याला औषध नाही. झाडावर आधी पिशवी घालायची, तोंड आवळायचं आणि मगच उपटायचं, नाहीतर झटक्याने माशा उडून शेजारच्या मिरचीवर बसतात. पुढच्या वेळी रोप पहिले २५-३० दिवस बारीक जाळीखाली ठेवायचं आणि पिवळा चिकट सापळा टांगायचा.

जास्वंदीची तीन, पिठ्या ढेकणाने गेलेली. काकांनी फवारलं होतं, पण एकदाच, आणि भर दुपारी. या किडीच्या अंगावर मेण असतं, अंडी कापसासारख्या पुंजक्यात लपलेली असतात, त्यामुळे एका फवारणीने भागत नाही. जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करायचे, उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार झोत मारायचा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली द्रव साबण, उन्हं उतरल्यावर, सात-सात दिवसांनी तीनदा. आणि मुंग्यांचा बंदोबस्त. चिकट गोड स्रावासाठी मुंग्या या ढेकणाला राखतात, शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत. काकांना मी आणखी एक सांगितलं. पपईवरचा पिठ्या ढेकूण, जो जास्वंदीवरही येतो, भारतात पहिल्यांदा आढळला २००८ साली, कोइमतूरला. तो आटोक्यात आणायला २०१० मध्ये परदेशातून त्याचा परोपजीवी कीटक, म्हणजे त्याच्याच अंगावर पोसून त्याला मारणारा, आणून सोडावा लागला. जिथे देशाला दोन वर्षं लागली तिथे एका माणसाने फवारणीच्या एका पंपावर स्वतःला नापास करायचं?

मे महिन्यात पाच कुंड्या. नऊ दिवस गावी लग्न, आणि तापलेल्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या कुंड्या. वरची पानं वाळतात ती दिसतात, पण आधी मुळं भाजतात. कुंडी विटांवर उचलायची, ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधायची, मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा टाकायचा. रकान्यात काकांनी लिहिलं: ‘माहीत नव्हतं.’

आणि कढीपत्ता, दोन. जुलैत मलूल झाला म्हणून काका रोज पाणी घालत राहिले. खाली बशी, बशीत पाणी. तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून सारखंच मान टाकतं, इथे भल्याभल्यांची चूक होते. बोट दोन इंच आत घालून बघायचं. ओल असेल तर पाणी नाही. मूळ चिमटीत धरून ओढलं आणि साल सुटून हातात आली, तर कूज.

वही मिटून काका म्हणाले, “म्हणजे दोन माझी.”

“दोन तुमची.”

मग ते रडले. चौदा म्हणत होते तोवर डोळे कोरडे होते.

त्या दिवशी मला जे उमगलं ते मी तेव्हापासून धरून आहे. ‘सगळं माझ्यामुळे’ यात एक विचित्र निवारा असतो. गुन्हा एवढा मोठा की करण्यासारखं काहीच उरत नाही, नुसतं बसून राहता येतं. ‘दोन माझी’ हे खरं असल्यामुळे टोचतं, पण त्याच्यापुढे बशी काढता येते. ‘तुमची काही चूक नाही हो’ म्हणून समजूत घालणाऱ्यांवर म्हणूनच काका चिडायचे. दोनांची जबाबदारी ते मागत होते आणि लोक तीही काढून घेत होते. चौदाचा आकडा खोडायचा आणि दोनाचा खोडू द्यायचा नाही, एवढं मात्र मला जमलं, आणि याचं मला समाधान आहे.

हंगामात हवा वाईट असेल तर चांगल्या हातांचीही झाडं जातात. आपल्याकडच्या वहीत ‘कोणाच्याच हातात नव्हतं’ असा शेरा बिनदिक्कत लिहावा. तो प्रत्येक ओळीत यायला लागला तर मात्र वही पुन्हा तपासावी.

शेवटच्या भेटीत काकांचा प्रश्न मातीचा होता. रागाच्या भरात चौदाही कुंड्यांची माती फेकून द्यायची होती त्यांना. टोमॅटोची माती ठेवा, म्हटलं, तो विषाणू मातीत राहत नाही. कढीपत्त्याची तशीच वापरू नका. ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तापवा. तोवर नव्या कुंडीत ४० टक्के माती, ३० टक्के कुजलेलं शेणखत, उरलेल्यात कोकोपीट आणि विटांचे बारीक तुकडे. तळाला चार भोकं.

“आणि बशी?”

“तुम्ही सांगा.”

“बशी नाही,” म्हणत त्यांनी वहीत पंधरावी ओळ आखायला घेतली.