मुलाच्या अग्निवीर पगाराच्या भरवशावर वीस वर्षांची पॉलिसी

खानापूर तालुक्यातले एक ऊस उत्पादक लिहितात: मुलगा पियुसीच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी) दुसऱ्या वर्षात आहे, सैन्यात चार वर्षांसाठी अग्निवीर व्हायचं म्हणतो. निवासी अकॅडमी तीन महिन्यांचे 90 हजार मागते, सोसायटीतली ठेव मोडून भरू का? पत्राच्या तळाशी एक ओळ आहे. उसाच्या बिलातून मुलाच्या नावे वर्षाला 72 हजारांची, वीस वर्षांची पॉलिसी घेतली. बाँड येऊन 19 दिवस झाले. पुढचे हप्ते मुलगा पगारातून भरेल. त्यांचा स्वतःचा विमा मात्र नाही.

अकॅडमीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा. बाँड हाती आल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करता येते. म्हणजे 11 दिवस उरलेत. एजंटकडे जाऊ नका, तो "बघू, करू" म्हणत मुदत घालवेल. थेट कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज, मूळ बाँड आणि पासबुकाची झेरॉक्स द्या, अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. स्टॅम्प, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च वजा होऊन बाकी रक्कम परत येते.

हिशेब बघा. अग्निवीराच्या हातात पहिल्या वर्षी महिन्याला 21 हजार पडतात, चौथ्या वर्षी 28 हजार. चार वर्षांनी कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के. पहिला हप्ता तुम्ही भरलात, चार तो भरेल. उरतात 15, म्हणजे 10.8 लाख. सुटताना मिळणारा सेवा निधी साधारण 11.7 लाख. पोराच्या हाती धंद्याला किंवा शिक्षणाला काय उरणार? एजंटच्या कागदावर शेवटी 24 लाख दिसतात, म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्केही परतावा नाही. तेच पैसे पीपीएफमध्ये, आजचा 7.1 टक्के दर टिकला तर, 32 लाखांच्या आसपास जातात.

शिवाय नोकरीत असेपर्यंत अग्निवीराला 48 लाखांचं विमासंरक्षण हप्ता न भरता मिळतं. घर चालतं ते तुमच्या कमाईवर, विमा तुमचा हवा. पन्नाशीच्या आत असाल तर बँकेत जाऊन 436 रुपयांचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आजच घ्या, मग टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा). तंबाखू खात असाल तर फॉर्मवर लपवू नका, पुढे क्लेम तिथेच अडकतो.

आता अकॅडमी. ठेव मोडू नका. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, ती पास झाल्यावरच मैदानी चाचणी. 90 हजार आत्ता कशाला? हजार-दोन हजारांत डोळे, रंगांची ओळख, कान, तळपाय, गुडघे तपासून घ्या. रंगांधळेपणा कोणतीही अकॅडमी घालवू शकत नाही. पूर्ण गुणांसाठी 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत आणि दहा पुलअप्स, याला गावचं मैदान आणि लोखंडी बार पुरतो. पियुसी मात्र सोडू देऊ नका. जनरल ड्यूटीला दहावीचे 45 टक्के चालतात, पण क्लार्कला बारावीत 60 टक्के आणि प्रत्येक विषयात 50 लागतात. लेखी परीक्षा निघाली आणि धावण्याची वेळ तरीही बसत नसेल, तर महिनाभराच्या सरावापुरती फी भरा, तीही पावती घेऊन. "भरतीची हमी" म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.