घाऱ्या डोळ्यांची नात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी नात दीड वर्षाची आहे आणि तिचे डोळे घारे आहेत. मुलाचे आणि सुनेचे डोळे काळेभोर आहेत. आमच्या घराण्यात किंवा सुनेच्या माहेरी असे डोळे कुणाचे असल्याचे आम्हाला आठवत नाही. बारशाला आलेल्या बायकांनी कुजबुज केली आणि आता ती घरातही होऊ लागली आहे. सुनेने बोलणे कमी केले आहे. हे कसे घडले आणि मुलीच्या डोळ्यांत काही दोष तर नाही ना?
(एक आजी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: आजी, विज्ञान नंतर सांगतो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. काळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना घाऱ्या डोळ्यांचे मूल होणे पूर्णपणे नैसर्गिक आहे आणि डोळ्यांच्या रंगावरून मुलाचे पितृत्व कधीही ठरवता येत नाही. तुमच्या सुनेविषयी जे बोलले जात आहे त्याला कोणताही आधार नाही. हे घरातल्या सगळ्यांना तुम्ही स्वतः सांगावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण घरात तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते माझ्या लेखाला येणार नाही.

आता कारण पाहू. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी गावोगाव झालेली असल्यामुळे ‘वाहक’ हा शब्द तुम्हाला नवा नसेल. ज्याच्या अहवालात एएस असे लिहिलेले असते तो वाहक, तो धडधाकट दिसतो, शेतात राबतो आणि त्याला आयुष्यभर कसलाही संशय येत नाही. मात्र दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक या शक्यतेने दोघांकडूनही तोच वारसा मिळालेले, म्हणजे एसएस असलेले, मूल जन्मते. आईवडिलांत न दिसलेली गोष्ट मुलात दिसते ती अशी. फिकट डोळ्यांचा वारसाही बराचसा याच वाटेने येतो, फक्त तो आजार नाही. तो तीन-चार पिढ्या कुणाच्याही डोळ्यांत न दिसता पुढे जाऊ शकतो, म्हणून ‘आमच्यात कुणाचे नव्हते’ या म्हणण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय पणजीच्या पणजीचे डोळे कसे होते, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक असते?

बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला परितारिका म्हणतात. तिच्यात मेलॅनिन हे तपकिरी द्रव्य भरपूर असले की डोळे काळे किंवा गडद तपकिरी दिसतात आणि कमी असले की घारे दिसतात. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या काळ्या आणि निळ्या डोळ्यांत साधारण सारखीच असते, फरक असतो तो त्यांच्यात साठलेल्या द्रव्याच्या प्रमाणात. निळ्या डोळ्यांत तर निळा रंग मुळी नसतोच. परितारिकेच्या पुढच्या थरात मेलॅनिन अगदी कमी असल्यामुळे आत शिरलेल्या प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरला जाऊन बाहेर येतो आणि डोळा निळा दिसतो. आभाळही निळे दिसते ते प्रकाशाच्या अशाच विखुरण्यामुळे.

हे प्रमाण ठरवणाऱ्या जनुकांत १५ व्या गुणसूत्रावरची ओसीए२ आणि एचईआरसी२ ही शेजारी असलेली जोडी सर्वांत महत्त्वाची आहे. विहिरीवरची मोटार आणि खोलीतला स्टार्टर नजरेसमोर आणा. ओसीए२ ही मोटार आहे, तर तिचा स्टार्टर शेजारच्या एचईआरसी२ च्या भिंतीत बसवलेला आहे. स्टार्टरमधल्या एकाच अक्षराच्या बदलामुळे मोटार मंद चालते आणि मेलॅनिन कमी तयार होते. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन प्रती येत असल्यामुळे एक स्टार्टर चांगला असला तरी सहसा काम भागते आणि डोळे गडद राहतात. असा माणूस म्हणजे वाहक. मात्र सिकलसेलमध्ये सगळी गोष्ट एका जनुकाची असते, तशी ती येथे नाही. युरोप व आशियातील सुमारे १,९५,००० लोकांच्या जनुकांचा जो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात डोळ्यांच्या रंगाशी संबंधित अशी ५० नवी जनुके सापडली. त्यामुळे निळा आणि काळा यांच्यामध्ये मधासारखा, राखी, हिरवट अशा कितीतरी छटा उमटतात आणि सख्ख्या भावंडांच्या डोळ्यांतही फरक पडतो.

आता दोषाविषयी. मुलगी नजर स्थिर ठेवते, उजेडात डोळे उघडते, हाकेला वळते आणि तिचे केस व कातडी घरच्यांसारखी आहे, तर घारे डोळे हा फक्त रंग आहे असे समजा. पुढीलपैकी काही दिसले, तर मात्र काजळ घालून किंवा दृष्ट काढून वेळ घालवू नका. केस आणि कातडी फार पांढरी असून बुबुळे सतत हलत असतील, तर ते जन्मजात रंगहीनतेचे लक्षण असते. त्या मुलांना चष्मा, टोपी आणि उन्हापासून जपणूक लागते, आणि कापसाच्या वावरात दिवस काढणाऱ्या घरात हे विशेष सांभाळावे लागते. डोळे लख्ख निळे असून कपाळावर पांढऱ्या केसांची बट असेल, तर कानांची तपासणी करून घ्या. वार्डेनबुर्ग या डच नेत्रतज्ज्ञाने १९५१ मध्ये वर्णन केलेल्या विकारात या खुणांबरोबर जन्मजात बहिरेपणही असू शकते. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. बाळाचे डोळे नेहमीपेक्षा मोठे व निळसर धुरकट दिसतात, त्यांतून पाणी येते, उजेड सहन होत नाही, आणि घरची मंडळी ‘किती मोठे, सुंदर डोळे’ म्हणून कौतुक करत राहतात. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो आणि त्यात उशीर झाला तर दृष्टी जाते. बाहुलीत पांढरी चमक दिसली तरीही त्याच दिवशी निघा. सेवाग्राम किंवा नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अशी तपासणी होते.

प्रश्न: तपकिरी रंग प्रभावी आणि निळा अप्रभावी असे मी मुलांना शिकवतो. निळे डोळे आपल्याकडे जवळजवळ दिसत नाहीत, ते अप्रभावी असल्यामुळेच का?
(एक शिक्षक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

उत्तर: गुरुजी, हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रभावी असणे, म्हणजे एका प्रतीनेही दिसून येणे, आणि संख्येने जास्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निळा रंग अप्रभावी असूनही फिनलंड आणि एस्टोनियात बहुसंख्य लोकांचे डोळे निळेच आहेत, कारण तेथे तो बदल बहुतेकांकडे दोन्ही प्रतींत आहे. तो आपल्याकडे विरळ आहे, आणि विरळ असला की काय होते याचे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. समजा, दहा माणसांत एक वाहक आहे. मग नात्याबाहेरच्या शंभर जोडप्यांपैकी एकात दोघेही वाहक असतील आणि त्यांच्याही चार मुलांत एकालाच दोन्ही प्रती मिळतील, म्हणजे चारशे मुलांत एक. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या चालीत मात्र दोघांचे आजी-आजोबा एकच असल्यामुळे तोच बदल दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते.

प्रभावी-अप्रभावीचा तुमचा नियम १९०७-०८ च्या सुमारास मांडला गेला. पहिली पायरी म्हणून तो शिकवावा, पण निळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना क्वचित तपकिरी डोळ्यांचे मूल होते हेही सोबत सांगावे. नाहीतर उद्या एखादा विद्यार्थी त्या नियमाने घरच्यांची परीक्षा घेऊ लागेल.

जगातल्या सुमारे दहापैकी सात-आठ माणसांचे डोळे तपकिरी असतात आणि हिरवे डोळे शंभरात दोघांचेच असावेत असा अंदाज दिला जातो. २००८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी एचईआरसी२ मधला तो बदल एकाच पूर्वजापासून पसरल्याचे मांडले आणि त्याचा काळ ६ ते १० हजार वर्षांपूर्वीचा धरला. पुढे इटलीत सापडलेल्या सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातही तो आढळला, म्हणून तो त्याहून जुना मानावा लागतो. स्पेनमधल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या एका माणसाची जनुके तर काळसर कातडी आणि निळे डोळे दर्शवतात. गोरेपण आणि निळे डोळे एकाच वेळी आले नाहीत, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा मला माहीत नाही. भारताच्या बाजूला पाहिले तर अफगाणिस्तान, चित्राल आणि काश्मीरकडे फिकट डोळे जास्त दिसतात, तर दक्षिणेकडे व पूर्वेकडे ते कमी होत जातात. घारे डोळे म्हणजे अमुक एक जात, असे आपल्याकडे बोलले जाते, पण हा बदल कोणत्याही जातीच्या कुंपणाआड राहिलेला नाही.

प्रश्न: वडील सत्तरीचे आहेत. त्यांच्या काळ्या बुबुळाभोवती निळसर कडे आले आहे. रंग बदलतो आहे का?
(एक शेतकरी, मूल तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर: नाही. वयानुसार बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या कडेला चरबीचे कण साठल्याने असे कडे दिसते. त्याने नजर कमी होत नाही आणि त्याला औषधही लागत नाही. चाळिशीच्या आत असे कडे दिसले, तर रक्तातील कोलेस्टेरॉल तपासावे. मोतीबिंदू बाहुलीच्या आत, मध्यभागी पांढरट दिसतो. वडिलांना दिव्याभोवती वलये दिसत असतील किंवा अंधुक दिसत असेल, तर त्यांना नेत्र शिबिरात घेऊन जा. काचबिंदूसाठी रात्री घालायचे काही थेंब दीर्घकाळ वापरल्याने मात्र परितारिकेचा रंग खरोखर गडद होऊ शकतो, म्हणून ते कोणते थेंब घालतात ते डॉक्टरांना बाटली दाखवून सांगा. रंग बदलतो म्हणून ते थेंब आपल्या मनाने बंद करू नका.